मामंजींचा आवाज

माझे सासरे व्यासराज हे तंजावरचे मराठी. त्यांचा आवाज चेन्नईत घराघरांत पोचलेला होता. तमिळ मालिकेत न्यायाधीश बोलला किंवा हेडमास्तर रागावला, की समजायचं, हे आमचे मामंजी. अंगदुखीच्या मलमाची जाहिरातही त्यांचीच. आमच्या शेजारीणबाई अलमेलू म्हणायच्या की मलम लावायच्या आधीच निम्मं दुखणं पळतं. डॉक्टरची भूमिका मात्र ते घेत नसत. का, ते कधी सांगितलं नाही.

घरात या माणसाच्या तोंडून धीराचा शब्द सुटत नसे. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं. माझा नवरा हरिप्रसाद ओरगडमच्या कारखान्यात अडकलेला, आईबाबा साताऱ्याला. आत नेताना मी घाबरून विचारलं, "मामंजी, काही होणार नाही ना?" माणूस "नाही गं" म्हणतो आणि मोकळा होतो. हे म्हणाले, "सरि, ठीक आहे, डॉक्टर आहेत. मी बाहेर बसतो." बसले, अगदी मला शुद्ध येईपर्यंत. पण मला भयंकर राग आला. तंजावरला येताना तुमच्या पूर्वजांनी एवढं एक वाक्य महाराष्ट्रातच ठेवलं का, असं मी हरिप्रसादला सुनावलंसुद्धा.

मग २००७ साली त्यांना एका हेरपटाचं डबिंग मिळालं. म्हातारा झालेला हेर, ज्या घरातून त्यानं युद्धात मुलगा नेला, त्या घरी माफी मागायला जातो, अशी गोष्ट. हेराचा तमिळ आवाज मामंजींचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून वडपळनीच्या स्टुडिओत सोबतीला मी गेले. डबिंगच्या ओळी ऐन वेळी कळतात. पुढे काय आहे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आईला आवाज द्यायला कनका नावाच्या बाई होत्या, मूळच्या श्रीलंकेतल्या जाफन्याच्या, तिथल्या लढाईच्या दिवसांत इकडे आलेल्या. दोघांना एकाच माईकसमोर उभं केलं होतं. प्रसंग जुना, हेर मुलाला नेतो तेव्हाचा. सहायकानं मामंजींना ओळ वाचून दाखवली, "अम्मा, मुलाला काही होणार नाही. मी सांगतो ना." पडद्यावर हेराचे ओठ हलले. मामंजी गप्प. पुन्हा लावलं, पुन्हा गप्प.

कनकाबाई मामंजींना आदरानं अय्या म्हणत. त्या हसल्या. "बोला की अय्या. तुमच्या आवाजात कुणालाही खरं वाटेल."

मामंजींनी हेडफोन काढले. "वाटलं होतं," ते म्हणाले.

मग तमिळमध्येच, पण अगदी सावकाश, ते कनकाबाईंना सांगत गेले. "तुमच्याकडच्या लढाईत मी भारतीय फौजेचा दुभाषी होतो. साहेब एका आईला म्हणाले, मुलाला चौकशीला पाठवा. मी तेवढंच सांगायचं होतं. ती रडायला लागली, म्हणून पुढचं मी पदरचं घातलं. काही होणार नाही, म्हटलं. तिनं त्याला धुतलेला शर्ट घातला आणि पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याला सोडलं. पण तो घरी पोचलाच नाही. वाटेत कुणी गाठलं, आजवर कळलेलं नाही."

मला ऑपरेशनचा दिवस आठवला आणि स्वतःची लाज वाटली.

कनकाबाईंनी गावाचं नाव विचारलं. मामंजींनी सांगितलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"आमचं नव्हे. आमच्या दारात दुसरा कुणी आला होता. त्याचाही आवाज चांगला होता. माझा भाऊ गेला त्याच्याबरोबर."

डबिंगचे दिग्दर्शक कृष्णकांत घाईघाईनं म्हणाले, ती ओळ गाळू, काही बिघडत नाही.

"गाळू नका," कनकाबाई म्हणाल्या. "अय्या, बोला तुम्ही. आम्ही पोरांना का पाठवलं, ते लोकांना ऐकू दे."

मामंजींनी हेडफोन चढवले आणि ते ती ओळ बोलले. एकाच टेकमध्ये. पुढची ओळ कनकाबाईंची होती, ती त्यांना बोलता आली नाही.

मी काचेमागे उभी होते. आत्ताच सगळं ऐकलेलं असूनही मला ते खरं वाटलं. माझा मुलगा असता, तर मीही पाठवला असता.