बाभळीखालचे चार दिवस

पाथर्डीच्या बाजूच्या त्या वाडीत बनुबाईची अमावस्या सगळ्यांना पाठ होती. अमावस्या आली की बनुबाई बाहेर बसणार. एक दिवस मागं नाही, एक दिवस पुढं नाही. बायका आपापले दिवस तिच्यावरून मोजायच्या. "बनू बसली, म्हंजी माजं आठ दिसांनी," असा हिशेब पाणवठ्यावर उघड चालायचा, आणि बनुबाई मान खाली घालून हसायची.

आता खरं काय ते सांगतो. बनुबाईला पाळी कधी आलीच नव्हती. अठ्ठावीस वर्षांची बाई, पण एकदाही नाही.

बरोबरीच्या पोरी शहाण्या झाल्या, तेव्हा तिची आई मुक्ताबाई निर्धास्त होती. सोळावं सरलं आणि तिची झोप उडाली. तीळगूळ झाला, पपई झाली, देवीला खण-नारळ झाला. तेवढ्यात सहादेवचं स्थळ चालून आलं, चांगलं, चार एकरांचं. मग एका सकाळी मुक्ताबाईनं लेकीला पाटावर बसवलं, केळीच्या खांबांचं मखर बांधलं, ओटी भरली आणि घरोघरी साखर वाटून आली. बनूला तिनं कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "आमुशा ध्यानात ठेव. चार दिस बाहेर बसायचं, कुनाला शिवायचं न्हाई, चिंध्या धुवून वाळत टाकायच्या. आज ना उद्या येईलच. तवर येवढं संभाळ."

तुम्ही म्हणाल, आईनं असं करावं का? मला विचारू नका. लेक जन्मभर घरात ठेवायची नाहीतर खोटं बोलायचं, असे दोनच रस्ते तिला दिसत होते. दोन वर्षांनी ती गेली, आणि ते 'तवर' लेकीच्या गळ्यात घालून गेली. त्या मखराला आता अकरा वर्षं झाली होती.

खोटं होतं, पण त्या खोट्यात चार दिवस मिळायचे. पडवीच्या कोपऱ्यात पोतं टाकून बनुबाई बसायची. सासू रंगुबाई वरून भाकरी टाकायची, वरून पाणी ओतायची, आणि बाकी कुणी काही मागायचं नाही. ना चूल, ना हंडा, ना जात्याची घरघर. भिंतीला टेकून ती उन्हाचा पट्टा सरकताना बघायची आणि बघता बघता तिचा डोळा लागायचा. मग नेहमीचंच स्वप्न पडायचं. माहेरच्या ओढ्याला तांबूस पाणी आलेलं असायचं, तिच्या घोट्याला लागायचं, कोमट. पलीकडच्या काठावर आई बसलेली. आई म्हणायची, "आलं का गं?" बनुबाई म्हणायची, "आलं." जाग आली की लुगडं चाचपून बघायची. कोरडं. मग पुन्हा डोळे मिटायची, निदान ओढा तरी दिसावा म्हणून.

लेकरू नाही हे दुःख तर उघडंच होतं. रंगुबाईनं आधी नवस केले, मग अंगारे आणले, मग गप्प झाली. यंदा मात्र ती स्पष्ट बोलली होती. शेवगावकडं तिच्या बहिणीची मुलगी होती, अंगानं भरलेली, कामाला वाघ. "दुष्काळ सरू दे," रंगुबाई म्हणाली, "पाऊस पडला की सहादूचं दुसरं बघू." बहात्तर सालचा तो दुष्काळ. सगळा जिल्हा आभाळाकडं डोळे लावून बसला होता, आणि एकट्या बनुबाईला वाटत होतं, ढग नको येऊ दे. तिला भीती सवतीची होती आणि त्याहून जास्त दुसऱ्या गोष्टीची. सवत आली तर घरातला एक कोपरा तरी राहील; खरं कळलं तर तोही जाईल, आणि मेलेल्या आईला लोक ठक म्हणतील.

विहिरी आटल्या तशी सगळी वाडी सरकारी कामावर खडी फोडायला गेली. दोनशे बायका, दगडांचे ढीग, हातोड्यांची टकटक, दुपारच्याला खायला सुकडी. कामाच्या कडेला एक बाभूळ होती. बाहेरच्या बायकांनी तिच्याखाली बसून खडी फोडायची, पाण्याच्या पिंपाकडं जायचं नाही, असं बायकांनीच ठरवलेलं. सुरुवातीला तिथं रोज आठ-दहा जणी असायच्या, चांगल्या गप्पा रंगायच्या. थंडी सुरू झाली तशा त्या कमी होत गेल्या. पौषातल्या अमावस्येला बनुबाई बाभळीखाली एकटीच होती. तिला नवल वाटलं, पण सावली छान होती. हातोडी मांडीवर ठेवून तिनं डोळे मिटले आणि ती ओढ्याच्या काठी निघून गेली.

तिथंच ती पकडली गेली.

आरोग्य केंद्राच्या दमयंतीबाई सुकडीच्या गाडीबरोबर यायच्या. नर्सबाई, नगरच्या, मास्तरांच्या घरातल्या, बोलायला सडेतोड. त्यांनी बाभळीकडं बघितलं आणि बायकांना विचारलं, "दोनशे जणी आहात, आणि अडचणीची एकच?" बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघू लागल्या. मग एक म्हातारपणाकडं झुकलेली म्हणाली, "माजं सरलं आसंल." तिच्यामागून एक तरणी हळूच म्हणाली, "माजं चार म्हैनं झालं न्हाई. दिस गेल्यात म्हनावं, तर तसं बी न्हाई." आणि मग बांध फुटल्यासारख्या सगळ्याच बोलू लागल्या. तीन महिने, पाच महिने. जी ती समजत होती, हे आपल्यालाच झालंय, करणी झालीय. म्हणून कुणी कुणाला बोललीच नव्हती.

"करणी नाही," दमयंतीबाई म्हणाल्या. "पोटाला अर्धी भाकरी आणि दिवसभर दगड. अंगात ताकदच कमी, तर शरीर पाळी थांबवून ठेवतं. पोटभर मिळायला लागलं की येईल परत. दिवस गेलेत का तेवढं मात्र प्रत्येकीनं माझ्याकडून तपासून घ्या." बायकांच्या खांद्यावरून ओझं उतरलं. कुणीतरी हसली सुद्धा.

बनुबाई हसली नाही. अर्धी भाकरी तीही खात होती, दगड तीही फोडत होती.

दुसऱ्या दिवशी दमयंतीबाई बाभळीखाली आल्या आणि सरळ तिच्या शेजारी बसल्या. तिचं मनगट हातात घेतलं. "शिवू नका बाई," बनुबाई दचकून म्हणाली. "मला चालतं," त्या म्हणाल्या. "बनुबाई, तुम्हाला शेवटची पाळी खरंच कधी आली?"

अकरा वर्षं लोकांनी तिला बघितलं होतं, मोजलं होतं. विचारलं कुणीच नव्हतं. विचारल्यावर तिला खोटं बोलताच येईना. ती सगळं सांगून बसली, मखरापासून आमुशेपर्यंत.

"सोळा-सतराव्या वर्षापर्यंत नाही आली, तर तेव्हाच दाखवायला पाहिजे होतं," दमयंतीबाई म्हणाल्या. "अजून उशीर नको." मूल का होत नाही ते बघायचंय, एवढंच त्यांनी रंगुबाईला सांगितलं. रंगुबाई म्हणाली, "मग मी बी येनार."

नगरच्या दवाखान्यात सासू बाहेर बाकावर बसली. आत डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं, हात धुतले आणि खुर्ची ओढून समोर बसल्या. "मूल वाढतं ती पिशवी तुला जन्मापासून नाही. बाकी तू धडधाकट आहेस. पाळी येणार नाही, मूल होणार नाही. यावर औषध नाही, म्हणून कुणी औषध देतो म्हणालं तरी घेऊ नकोस. यात तुझी चूक नाही, तुझ्या आईची नाही. आता वाट बघू नकोस."

लेकराचं रडू नंतर आलं. आधी तिला त्या वाट बघण्याचंच रडू आलं.

परतीच्या एस.टी.त तिनं सासूला सगळं सांगितलं. लपवायचं बळच उरलं नव्हतं. रंगुबाईनं खिडकीचा गज धरला तो वाडी येईपर्यंत सोडला नाही. घरी सहादेवनं ऐकलं, दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि आईकडं बघितलं. घरात शेवटचा शब्द तिचाच होता, आणि तो काही ती बोलेना. पंधरा दिवस गेले. बनुबाईनं आपलं बोचकं मनातल्या मनात दहा वेळा बांधलं.

अमावस्येच्या सकाळी तिनं हंडा उचलला. आता कसलं सोंग?

"हंडा ठिव खाली," रंगुबाई म्हणाली. "आज आमुशा हाय."

"आत्याबाई, तुमाला सांगितलं ना समदं."

"ऐकलंय मी. भैरी न्हाई." सासूनं हंडा स्वतःच्या कडेवर घेतला. "सात लेकरं झाली मला, एक जगलं. माजं बंद हून आठ वर्सं झाली. त्या दिसापास्नं 'रंगू, जरा बस' म्हनून कुनी म्हनलं न्हाई मला. तुला चार दिस मिळत्यात, ते कशापायी सोडतीस?" मग दाराकडं तोंड करून म्हणाली, "शेवगावला निरोप धाडलाय. पोरीला दुसरं स्थळ बघा म्हनून. माज्या घरात हाय सून."

बनुबाई तिथंच खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडली. रंगुबाईनं तिला रडू दिलं, चुलीकडं गेली आणि भाकरी थापायला बसली.

त्या दिवशी कामावर रंगुबाई आपली हातोडी घेऊन बाभळीखाली आली आणि सुनेला चिकटून बसली. पिंपाजवळून कुणीतरी ओरडलं, "रंगुबाई, सुनंला शिवलीस की!"

"शिवले," रंगुबाई म्हणाली. "पानी आलं की आंघूळ करीन."

बायका हसल्या. दोघींच्या हातोड्या टकटक चालू राहिल्या, आणि थोड्या वेळानं रंगुबाईची थांबली. ती खोडाला टेकून झोपली होती, तोंड उघडं, मान सुनेच्या खांद्यावर. बनुबाई न हलता बसून राहिली. मग तिनं वर बघितलं आणि कितीतरी महिन्यांनी त्या कोऱ्या आभाळात कुठं एखादा ढग दिसतोय का, ते शोधू लागली.