टर्नटेबलाखालची बाभूळ

आमचं सांगलीतलं घर साखर कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे. हे वाचून तुम्ही कपाळाला हात लावला नसेल, तर तुमच्याकडं टर्नटेबल नाही. हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रेलर जोडलेले उसाचे ट्रॅक्टर दिवसभर दारावरून जातात. फडताळातली भांडी किणकिणतात, पलंग हलतो आणि तबकडीवरची सुई टुणकन उडी मारते. गवई आत्ता कुठं षड्ज लावत असतो, तो थेट द्रुत लयीत जाऊन पडतो.

बायकोनं एक दिवस निकाल दिला. "संक्रांतीला माझा भाऊ येतोय. त्याच्यासमोर सुई उडाली नाही, तर हॉलचा हा कोपरा तुमचा. उडाली, तर तुमचं यंत्र माळ्यावर आणि इथं माझा वेताचा झोपाळा."

पंच निवडण्यात ती हुशार. हा मेहुणा साताऱ्यात राहतो आणि आमच्या नात्यागोत्यात तबकड्यांचं वेड असलेला माझ्याखेरीज तोच एक. त्याचं टर्नटेबल पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं, काचेच्या महालासारखं. दर फोनला तो विचारायचा, "काय दाजी, तुमचा डबा अजून उड्या मारतो का?"

डबा हा शब्द मला झोंबायचा, कारण तो खरा होता. फिरती थाळी आणि सुईचा दांडा ज्या बैठकीवर बसवतात, तिला प्लिंथ म्हणतात. माझी प्लिंथ होती पोकळ प्लॅस्टिकची. ती बदलायची ठरवली आणि सांगलीचा माणूस जी चूक करणार तीच मी केली. संगीताचं लाकूड म्हटल्यावर डोळे मिटून मिरजेची बस धरली.

तिथं तंबोरे करणारे एक म्हातारे कारागीर आहेत. त्यांना म्हणालो, "काका, गाण्यासाठी एक पेटी हवी. तुमच्या मनासारखं लाकूड घाला." काकांनी जीव ओतला. तुणीचं लाकूड, तंबोऱ्याच्या तारांखालच्या तबलीसारखं पातळ तासलेलं, वर सोनेरी पॉलिश. मी ती पेटी मांडीवर घेऊन बसमधून आलो, नवरी घेऊन यावं तसा.

घरी सगळं जोडलं, सुई टेकवली आणि पेटी स्वतःच गायला लागली! मोटरची घरघर, पंख्याची घरघर, सगळं तिच्यात घुमून स्पीकरमधून बाहेर. ट्रॅक्टर आला तेव्हा तर तिनं असा खर्ज लावला की स्वयंपाकघरातून आवाज आला, "आज साथीला कोण बसलंय?"

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन परत मिरज. काकांनी तिच्यावर टिचकी मारली, कान लावला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"आवं, गाण्यासाठी म्हणालासा, म्हणून गाणारं लाकूड दिलं. तबकडी वाजवायची हाय हे सांगायचं न्हाई व्हय? तिच्याखाली गप बसणारं लाकूड लागतंय. बैलगाडीचा सुतार गाठा. बाभूळ घ्या, जुनी, वाळलेली."

तासगावच्या रस्त्याला असा एक सुतार सापडला. त्याच्याकडं मोडीत निघालेल्या गाडीची बाभूळ होती.

"एवढी जाड फळी कशाला पायजे, सायेब?"

"गाणं ऐकायला."

त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग ओट्यावर बसलेल्या आपल्या बायकोकडं. "लय दिस झालं का असं व्हायला?"

पण गडी कसबी. बाभळीच्या पाच फळ्या त्यानं एक उभी, एक आडवी अशा एकमेकींवर चिकटवून दाबात ठेवल्या. चार दिवसांनी बोलावलं आणि माझ्यासमोर त्या ठोकळ्यावर मोगरी हाणली. ठप्प. पुढं काही नाही. "आता ह्यो बोलायचा न्हाई," तो म्हणाला. ते धूड रिक्षातून उतरवायला मी आणि रिक्षावाला, दोघं लागलो. वर थाळी आणि दांडा बसवला आणि खाली लहान मुलांच्या सायकलची ट्यूब अर्धवट फुगवून ठेवली, म्हणजे जमिनीचा हादरा हवेतच जिरेल.

संक्रांत आली, मेहुणा आला. तिळगूळ तोंडात, नजर कोपऱ्यात.

"दाजी, हा पाट आहे की खाटकाचा ओंडका?"

"बस," मी म्हणालो. "आज गोड बोलायचा दिवस आहे."

मी मुद्दाम विलंबित ख्यालाची जुनी तबकडी लावली. दोन स्वरांमध्ये जिथं नुसता श्वास ऐकू येतो, अशी. बायकोनं पंचायतीला बसावं तशी खुर्ची ओढून घेतली. पाचच मिनिटांत लांबून घरघर आली. दोन ट्रेलर, ऊस छपरापर्यंत, वर टेपवर लग्नाची गाणी. खिडकीची काच थरथरली. पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठली. मेहुणा गुडघ्यावर बसला आणि एक डोळा मिटून सुईकडं बघत राहिला. मी मनातल्या मनात ट्यूबमधली हवा मोजत होतो, पण चेहऱ्यावर मी महाराजांचा आव आणला होता.

गवयानं गंधारावर मुक्काम केला. ट्रॅक्टर गेला. गंधार तिथंच होता.

"दाजी, सुई चिकटवलीय का?" मेहुण्यानं दांडा स्वतः उचलून पाहिला, परत टेकवला. मग बाभळीवर बोटाचं पेर वाजवलं. ठप्प. माझ्या कानाशी लागून हळूच म्हणाला, "माझ्याकडं शेजाऱ्यांनी दार आपटलं तरी उडते. कुणाला सांगू नका."

मी कुणाला सांगणार? फक्त तुम्हाला.

बायको उठली. "झोपाळा गच्चीत लावू," एवढंच बोलली आणि खुर्ची कोपऱ्याच्या आणखी जवळ सरकवली.

मेहुण्याचं मात्र समाधान होईना. "एकदाच झालं, योगायोग असेल. अजून एक ट्रॅक्टर येऊ दे."

आणि नेमका रस्ता ओस! एरवी जीव नकोसा करणाऱ्या त्या ट्रॅक्टरची आम्ही तिघं, पाहुणा जेवायचा खोळंबलाय अशा तऱ्हेनं वाट बघत बसलो. चहा झाला, दुसरा झाला. शेवटी बायकोच खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि टाचा उंचावून ओरडली, "आला, आला! अहो, सुई टेकवा लवकर, हा तर पहिल्याहून मोठा आहे!"