उपासाच्या कढईचा झारा

आमच्या घरी दोन कढया होत्या आणि त्यांचे दोन झारे. एकीत शेव निघायची, दुसरीत फक्त आलूचे चिप्स. चिप्सच्या कढईत शेंगदाण्याचंच तेल असे आणि बेसन तिच्या आसपासही येत नसे, कारण ते चिप्स उपासाला चालायचे. मोठ्या कंपन्यांची फुगलेली पाकिटं आमच्या गुडीहत्नूरपर्यंत आली तरी आम्ही टिकलो ते याच गोष्टीवर. बेला गावाकडच्या बायका दुकानात आमचंच पाकीट मागत.

आई आलू कापायची, काकू तळायची, बाबा मोटारसायकलवर माल पोचवायचे. पिशव्यांची तोंडं मेणबत्तीवर चिकटवणं माझं काम. प्रत्येक पिशवीत ‘उपासाचे’ अशी चिठ्ठी जायची. मी इंग्रजी शाळेत जात होते, म्हणून चिठ्ठी इंग्रजीत असावी असं बाबांना वाटे. मी मराठीच ठेवली. विकत घेणाऱ्या बायका मराठी वाचत.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळीच सगळा माल निघायचा होता. चिप्स तळताना काकूनं मान न वळवता हात मागे केला, “झारा दे व.” माझा एक डोळा पुस्तकात होता. मी दिला.

शेवटच्या पिशव्या बंद करताना एका चिप्सला चिकटलेला पिवळा तुकडा दिसला. तांदळाएवढी शेव. उठून पाहिलं, तर चिप्सच्या कढईवर शेवेचा झारा आडवा पडलेला होता.

तुकडा तोंडात टाकला असता तर कोणालाच कळलं नसतं. हा विचार मी केला, पूर्ण केला, आणि मग बाहेर गेले. बाबा खोक्यांना दोरी बांधत होते.

“बाबा, नेऊ नका. शेवेचा झारा लागला. मीच दिला.”

“सगळ्याले लागला का?”

“कोणत्याला लागला नाही, ते मला सांगता येत नाही.”

त्यांनी दोरी सोडली.

काकू आतून ओरडली, “इंग्रजी शिकून राह्यली, अन् झारा नाई ओळखत काऊन?” मग थोड्या वेळानं स्वतःशीच, “मी तरी काय डोये मिटून तळत होती!”

“भांडून का होते आता?” आई म्हणाली. “आलू किती उरले ते पाहा.”

एक पोतं उरलं होतं. कढई राखेनं घासली, नवं तेल ओतलं. मी बंद केलेल्या पिशव्या एकेक फोडून चिठ्ठ्या काढल्या. तो माल साधे चिप्स म्हणून बसस्टँडवरच्या हॉटेलात गेला. नंतर तळण संपेपर्यंत मी कढईजवळून हलले नाही.

दुपारी अर्धेच खोके भरले, म्हणून गाडीवर मागे जागा होती. “चाल संग,” बाबा म्हणाले. “दुकानदाराले तूच सांग.”

बेल्याच्या दुकानात गर्दी होती. “एवढेच? उद्या शिवरात्र, बायका मले खातीन ना!” दुकानदार म्हणाला. मी त्याला काय झालं ते सांगितलं. तो घाईनं पुढे वाकला. “हळू बोल ना बाई.”

पण काउंटरशी उभ्या असलेल्या एका म्हातारीनं ऐकलं होतं. “काय लागलं म्हन्ते पोरगी?”

“काई नाई आजी, तसंच.”

“सकाळच्या मालाला शेवेचा झारा लागला होता,” मी म्हटलं. “तो आणलाच नाही. हे दुपारचे आहेत.”

“हे पाह्यले का तू सोता?”

“कढईजवळ मीच बसले होते.”

तिनं पाकीट उलटंसुलटं केलं. “मंग दोन दे,” ती दुकानदाराला म्हणाली. “अन् मी तिले इचारून राह्यली, तू कायले मधात बोलून राह्यला?”

त्यानं दोन पाकिटं काढून दिली. मागच्या बायका पुढे सरकल्या आणि माझ्याकडे बघून त्यांनी तेच विचारलं. मी प्रत्येकीला सांगितलं. बाबा बाहेर गाडीपाशीच उभे होते.