पोरागणिक एक दात

दोन हजार अठरा साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो आणि होडी अजून एकटा लोटत होतो. शाळा तिसरीत सुटली, पण शिरोड्याजवळच्या आमच्या वाडीत दात दुखला की शिकलेलीही माझ्याकडेच यायची. मासे धरायच्या तंगुसाचा फास दाताच्या मुळाशी आवळायचा, दुसरं टोक मुठीला गुंडाळायचं आणि एक हिसका. बायकोचे चार दात मी असेच काढले, चार बाळंतपणांत चार. पोरागणिक बाईचा एक दात जातोच, असं आमच्यात म्हणतात. मीही तेच धरून होतो.

धाकटी लेक पहिल्या बाळंतपणाला आली तेव्हा तिला सातवा लागला होता. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. मग खालची दाढ ठणकायला लागली आणि गाल सुजला. वजन लिहायला आलेली आशाताई तिला बघून म्हणाली, "काका, ह्येका आजच वेंगुर्ल्याक दातांच्या डॉक्टराकडे न्हेवा. पू अंगात भिनलो तर पोराक बाधात."

"पोटुशीक सुई टोचूची नाय," मी म्हटलं. "वही उचल आणि चालू लाग."

"ह्या चेडू आसा काका, सुरमय न्हय."

तिची वही हिसकावून मी शेणाच्या खड्ड्यात फेकली. तिने ती काढली, पदराला पुसली आणि गेली.

दोन दिवस लेक भिंतीला टेकून बसली. पेजही गिळता येईना. तिसऱ्या दुपारी म्हणाली, "बाबा, माका न्हेवा. पोर कालपासून कमी हालता."

"दाढ गेली की हालात," मी म्हटलं आणि तिचं डोकं काखेत दाबलं. ती दंडाला कडकडून चावली. माझं रक्त आलं तरी मी तिला सोडली नाही. फास बसवला, मूठ आवळली, हिसका दिला. कडाक आवाज झाला. दाढ आली नाही, वरचा तुकडा उडून भिंतीवर आपटला. मूळ आतच राहिलं. तिच्या हनुवटीवरून रक्त गळायला लागलं. ती दोन्ही हात पोटावर धरून खाली बसली. मी पुन्हा फास टाकायला वाकलो.

बायको चुलीकडून आली. जळणातला वल्ह्याचा तुटका दांडा तिच्या हातात होता. पहिला घाव माझ्या मनगटावर बसला, हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. दुसरा खांद्यावर. सगळ्या संसारात तिने मला एकेरी बोलावलं नव्हतं.

"माजे चार दात काढलंस, मी गप रवलंय. ह्येका हात लावलंस तर दुसरो हातव मोडतलंय."

तिने रिक्षा बोलावली. मला कुणी चल म्हटलं नाही. मी आपणहून रिक्षावाल्याच्या बाजूला बसलो.

वेंगुर्ल्याच्या डॉक्टरबाईंनी लेकीच्या उजव्या कुशीखाली उशी दिली, जबडा बधिर केला, मूळ काढलं, पू काढला. मी दारातून बघत होतो. बाई म्हणाल्या, "हे इंजेक्शन बाळाला चालतं काका. चालत नाही तो पू. दिवस राहिले तेव्हाच दात दाखवायला हवे होते. पोर आईचा दात नेत नाही, कीड नेते. उद्या सकाळपासून कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या." मग माझ्या हाताकडे पाहिलं. "हे काय?"

"होडीवरून पडलो."

"ती होडी मी," बायको म्हणाली. चार दातांच्या खिंडी दाखवत हसली. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

सरकारी दवाखान्यात पोराचे ठोके ऐकवले. नीट होते. त्यानंतर तिथेच माझ्या हाताला प्लास्टर घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डाव्या हाताने चूल पेटवली, पाणी कोमट केलं, मीठ टाकलं आणि तांब्या लेकीपुढे धरला. तिने तोंड घट्ट मिटून भिंतीकडे वळवलं. मी तांब्या खाली ठेवला आणि अंगणात जाऊन बसलो. आतून गुळणीचा आवाज येईपर्यंत उठलो नाही.