सोळा कोअर आणि एक फळी

परभणीच्या दुकानात काउंटरवर दोन प्रोसेसर होते. एक नवा, सहा कोअरचा, म्हणजे एका वेळी सहा कामं करणारा. दुसरा जुन्या सर्व्हरमधून काढलेला, सोळा कोअरचा. लग्नाचं लाइव्ह करायचं तर नुसते कोअर मोजू नका, एकेका कोअरचा वेग बघा, असं दुकानदार सांगत होता. मीही तेच म्हणत होते. पण माझ्या नवऱ्याचं लहानपण ऊसतोडीच्या फडात गेलेलं. तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ज्याच्याकडे कोयते जास्त, त्याची गाडी आधी भरते.

"सोळा कोयते सोडून सहा कोण घेतंय?" ते म्हणाले आणि विषय संपला. लग्नांचं शूटिंग ते करतात, कॉम्प्युटरवर मी बसते. पण खरेदीत बायकोचं ऐकतील तर शपथ!

पुढच्याच महिन्यात देवगाव फाट्याजवळच्या मंगल कार्यालयात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. आईच्या खुब्याचं हाड मोडलं होतं आणि ऑपरेशन होऊन ती परभणीच्या दवाखान्यात पडून होती. मुलाकडचे तारीख बदलायला तयार नव्हते. लग्न तुला मोबाइलवर दाखवीन, असा शब्द मी आईला दिला होता. मावशी तिच्याजवळ बसली होती.

सकाळचे विधी नीट गेले. अक्षतांच्या वेळी मात्र नवऱ्यानं तीन कॅमेरे, ड्रोन आणि मांडवातला मोठा पडदा, सगळंच त्या एका कॉम्प्युटरला जोडलं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि चित्र अडखळायला लागलं. कुठला कोअर किती राबतोय, ते मी कॉम्प्युटरवर उघडून पाहिलं. सोळा चौकटींपैकी एक काठोकाठ भरलेली, बाकीच्या जवळजवळ रिकाम्या.

नवरा धावत आला. सोळा असून अडकायलंय कसं, म्हणून विचारू लागला.

"गाडीला फळी एकच हाय," मी म्हणाले. "तोडायला कितीबी कोयते असू द्या. मोळी घेऊन चढायचं एकामागं एकानंच."

त्या फळीवरून ते स्वतः चढलेले. त्यांनी त्या एका भरलेल्या चौकटीवर बोट ठेवलं. तेवढ्यात चित्र अंतरपाटावरच गोठलं आणि मांडवात अक्षता पडल्या. मला रडू आलं, रागही आला, त्यांचा आणि त्या डबड्याचा. मी मावशीला फोन लावला. आईनंच घेतला.

"माझं लक्षच नव्हतं," ती म्हणाली. "लेकीच्या आईनं अक्षता बघायच्या असत्यात का? माझा मोबाइल उपडा ठिवला अन् तुळशीला पाणी घातलं."

मावशीनं घरची तुळशीची कुंडी दवाखान्यात नेऊन खाटेजवळ ठेवली होती. अक्षता पडताना लेकीच्या आईनं तुळशीला पाणी घालायचं, हा आमच्याकडचा रिवाजच, आणि वायरींच्या गुंत्यात मीच विसरले होते.

"तिला निघताना बघायचंय मला," आई म्हणाली. "तेवढं अडकू दिऊ नको."

आता दुसरी संधी नव्हती. मी ड्रोन काढला, दोन कॅमेरे काढले. मोठ्या पडद्याची वायर नवऱ्यानं स्वतः उपटली. मुलाकडचे कुरकुरले, पण ह्यांनी तिकडं बघितलंही नाही. एकच कॅमेरा खांद्यावर घेऊन ते दाराशी उभे राहिले. मी जीव मुठीत धरून त्या भरलेल्या चौकटीकडं बघत बसले. तिच्यातला भार हळूहळू खाली आला. चित्र चालू झालं, पण पुन्हा कधी थांबेल याचा भरवसा वाटेना.

बहीण उंबऱ्यात थांबली. कॅमेऱ्याकडं बघून तिनं हात जोडले. मग बायकांनी तिला गाडीत बसवलं. गाडी फाट्याकडं वळली. मावशीच्या मोबाइलवरचा फोन मी तोडलाच नव्हता. मी कानाला मोबाइल लावला आणि आईला म्हणाले, "गेली गं."

लाइव्ह अर्धा-एक मिनिट मागून पोचतं, हे मला त्या क्षणी सुचलंच नाही.

"न्हाई," आई म्हणाली. "अजून दारातच उभी हाय. बघायलेय मी. तू बोलू नको."