नव्या यादीप्रमाणे साफसफाई

कॅम्प पाच वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत एकच कॉम्प्युटर होता आणि त्यावर लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम घालायचा शहाणपणा माझा. तोही साधासुधा लिनक्स नाही. प्रत्येक प्रोग्रामचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, इंटरनेटवरून उतरवायचा आणि घरच्याच मशीनवर तो घडवायचा, असला. लिहायचा ऑफिस प्रोग्राम घडायला बारा तास लागायचे आणि आमच्याकडे लोडशेडिंग रोजचं. पण कॉलेजात मिरवायला मिळायचं ना!

वहिनी बाहेरून पदवी करत होती, शेवटचं वर्ष. कॅम्प तीनमध्ये जीन्सचे धागे कापणाऱ्या बायकांशी बोलून तिनं वह्या भरल्या होत्या आणि त्यावरचा प्रकल्प एकेक अक्षर शोधत टाइप केला होता. सोमवारी द्यायचा होता. नेमकी शुक्रवारी मला साफसफाईची हुक्की आली.

कुठल्या प्रोग्रामला कुठली लायब्ररी, म्हणजे तयार जोडभागांची फाइल, लागते, याची एक यादी असते. ती लिनक्स बनवणाऱ्यांनी बदलली होती. नव्या यादीप्रमाणे एक जुनी लायब्ररी कुणालाच लागत नव्हती. आमच्या मशीनवरचा ऑफिस प्रोग्राम मात्र जुन्या यादीप्रमाणे घडलेला, त्याचं तिच्यावाचून चालणार नव्हतं. आधी सगळं नव्यानं घडवा, मगच नको ते काढा, अशी सूचना स्क्रीनवर आली होती. मी ती वाचलीही. बारा तास कोण थांबणार, म्हणून ती लायब्ररी काढून टाकायला एंटर दाबलं.

संध्याकाळी वहिनी बसली तर प्रोग्राम उघडेना.

"काय झालं हो, भाऊजी?"

"लाईट मध्येच गेली ना, त्यानं बिघडलं," मी म्हणालो. "परत घडवायला लावलाय. उद्यापर्यंत होईल."

जीभ जराही अडखळली नाही, याची आजही लाज वाटते. शनिवारी नऊ तास झाले आणि लाईट गेली. पुन्हा पहिल्यापासून. रविवारीही तेच.

"मग मी हातानंच लिहून काढू का? चालतं म्हणे," तिनं दोनदा विचारलं.

"वहिनी, होतंय म्हटलं ना!" मी खेकसलो. तिनं पेन हातात घेतलं असतं तर माझी फजिती झाली असती. ती माझ्या शेजारी चहा ठेवून गेली.

सोमवार गेला. दादा माझ्यावर भडकला तेव्हा तीच मध्ये पडली. "लाईट गेली त्याला ते काय करणार?" पुढच्या वर्षी पुतणी झाली आणि वहिनीची पदवी राहूनच गेली.

परवा शिरगावला तिच्या घरी बसलो असताना मी सगळं सांगून टाकलं, त्या एंटरसकट. ती मटार सोलत ऐकत होती.

"बटण दाबलंत ते जाऊ द्या, भाऊजी," ती म्हणाली. "होणार नाही, एवढं शनिवारी सांगितलं असतं तर दोन दिवसांत मी लिहून काढलं असतं."