चाकू खाली ठेवायचा की हातात द्यायचा?

मंगळवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. आमच्या निवृत्तांच्या भटकंती ग्रुपवर सचिव वसंतरावांचा मेसेज आला... 'सहलीत हत्यार आणणाऱ्या सदस्यास यापुढे गाडीत जागा मिळणार नाही.'

नाव कोणाचेच नव्हते. पण ग्रुपमध्ये चाकू फक्त माझ्याकडे आहे.

हा चाकू मी परतवाड्याच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून घेतला. घडीचा नको होता, जुना घडीचा एकदा बोटावर मिटला होता. याचे पाते मुठीच्या टोकापर्यंत सलग आहे आणि किंमत दोन साड्यांच्या फॉल-पिकोएवढी.

दुकानदार म्हणाला, "काकू, हा भाजीचा नोय. घडीचा घ्या, पर्समधी मावते."

"मले भाजी नाही चिरायची."

"मंग काय चिरता?"

"ते अजून ठरलं नाही."

त्याने बिल केले.

तेव्हापासून प्रत्येक सहलीत या चाकूने काम केले आहे... चुलीसाठी काटक्या सोलणे, ताडपत्रीची दोरी कापणे, पेरू. लिंबू चिरून तसाच ठेवला तर डाग पडतात, म्हणून पुसून खोबरेल लावते. एवढेच त्याचे लाड.

गेल्या रविवारी चिखलदऱ्याच्या पायथ्याशी नाल्याकाठी आमची गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांची पार्टी होती. वसंतरावांनी वांगी चिरायला माझा चाकू मागून नेला. तेवढ्यात पलीकडून एका बाईची हाक आली. तिचे वासरू काठावरून घसरले होते, त्याचा नायलॉनचा दोर झाडाच्या मुळीत अडकला होता आणि फास गळ्यात आवळत चालला होता...

"वो बाई, कापा नं लवकर! मरून राह्यलं माह्यं वासरू!"

मी वसंतरावांपुढे हात केला. ते म्हणाले, "हातात नाही देत ताई, आपलं भांडण होईल. खाली ठेवतो, मंग उचला."

आणि ते स्वच्छ दगड शोधू लागले. वासराची जीभ बाहेर आली होती.

आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये शिवणाच्या तासाला कात्री दांड्याकडून हातात द्यायला शिकवले होते. तेवढा वेळ नव्हता. मी मूठ धरून चाकू ओढून घेतला आणि दोर कापला. वासरू धपकन खाली पडले, खोकले, उठले.

त्या बाईने चाकू माझ्याकडून घेतला, पदराने पुसला आणि सरळ माझ्या हातात ठेवला. आमचे भांडण अजून तरी झालेले नाही...

वसंतरावांशी झाले. पुढच्या सहलीच्या यादीतून माझे नाव गेले. कारण काय, तर 'हत्यार हिसकावले.' दसऱ्याला हेच गृहस्थ स्कूटरला झेंडू बांधून शस्त्रपूजा केली म्हणतात. पण त्यांच्या स्कूटरला गाडीत जागा मिळेल की नाही, हे मी विचारलेले नाही.

वांगे चिरले तोवर तो चाकू होता, दोर कापल्यावर हत्यार झाला. हा बदल नेमका कुठे झाला, ते मला समजून घ्यायचे आहे.

त्या बाईचे मात्र मनापासून आभार. तिने दगड शोधला नाही.

वसंतराव, ते वासरू सोडवायचे होते की नव्हते? सोडवायचे होते, तर कशाने? येत्या शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत, सहीनिशी, लेखी कळवावे. 'भेटून बोलू ताई' हे उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही.